कॉफीच्या बियांची पारख
घरच्या ड्रिप यंत्रासाठी बिया निवडताना काय पाहावे?

नंदुरबार, प्रतिनिधी -

चहाचे वर्चस्व असलेल्या खानदेशात कॉफी म्हणजे गरम दुधात ढवळलेली झटपट पूड, अशीच अनेक वर्षे समजूत होती. आता हे चित्र हळूहळू बदलत आहे. पुण्या-मुंबईत शिकायला वा नोकरीला गेलेली मुले सुटीत घरी येताना ड्रिप कॉफी मेकर घेऊन येतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या बिया इंटरनेटवरून मागवल्या जातात. 'स्पेशालिटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या या बियांच्या पाव किलोच्या पाकिटाला पाचशे रुपयांच्या आसपास, प्रसंगी त्याहून अधिक किंमत मोजावी लागते. लहान शहरातील ग्राहकाला बिया हातात घेण्याची, त्यांचा वास घेण्याची सोय सहसा नसते. पाकिटावरील मजकूर हाच त्याचा एकमेव आधार. तो मजकूर वाचता आला नाही, तर उत्तम यंत्रातूनही बेचव कॉफी मिळते आणि पैसे वाया जातात.

वास्तविक नंदुरबारकराला अशी पारख नवी नाही. पथारीवर वाळलेली मिरची घेताना तिचे वाण, रंग, देठ, साल आणि ती यंदाची की गेल्या वर्षीची, हे सारे येथील गृहिणी पाहते. तयार तिखटापेक्षा अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर कांडून घेणे तिला अधिक भरवशाचे वाटते. कॉफीबाबतही नेमके हेच प्रश्न विचारायचे असतात.

यंत्र काय करते?

ड्रिप यंत्राची रचना साधी आहे. टाकीतील पाणी तापते, नळीतून वर चढते आणि कागदी किंवा जाळीदार गाळणीतील कॉफीच्या चुऱ्यावर थेंबाथेंबाने पडते. खालच्या भांड्यात अर्क गोळा होतो. कागदी गाळणीचा शोध जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये लावला, तर विजेवर चालणारे पहिले घरगुती ड्रिप यंत्र 'विगोमाट' या नावाने १९५४ मध्ये जर्मनीतच आले.

दक्षिणेकडील पितळी वा पोलादी फिल्टरमध्येही कॉफी ठिबकतच उतरते. मात्र त्यातून निघणारा दाट अर्क भरपूर दूध आणि साखर घालून प्यायचा असतो. ड्रिप यंत्रातील कॉफी त्यामानाने पातळ, निथळ आणि बहुधा बिनदुधाची घेतली जाते. कागदी गाळणी बियांतील तेलाचा बराचसा अंश अडवते. त्यामुळे दाटपणा कमी होतो. सुगंध, गोडवा आणि हलकी आंबट छटा अधिक स्पष्टपणे जाणवते. अर्थात बिया शिळ्या वा करपलेल्या असतील, तर तेही तितकेच स्पष्ट जाणवते. दूध-साखरेचे पांघरूण येथे नसते. म्हणूनच या यंत्रासाठी बियांची निवड अधिक काळजीने करावी लागते.

आधी चिकोरी पाहावी

पूड विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम पाहायची गोष्ट म्हणजे चिकोरी. ही एका वनस्पतीची मुळी. ती भाजून, दळून कॉफीत मिसळतात. भारतात तिची लागवड प्रामुख्याने गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. तिच्यामुळे अर्काला गडद रंग, दाटपणा आणि कडवट-गोड चव येते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत ती अनेकांना हवीच असते. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते आणि दोहोंची टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. म्हणजे 'कॉफी' समजून आणलेल्या मिश्रणात जवळजवळ निम्मी चिकोरी असणे कायद्याला धरूनच आहे. ड्रिप यंत्रात असे मिश्रण गाळणी तुंबवते आणि बियांचा मूळ सुगंध झाकून टाकते. तेव्हा या यंत्रासाठी शंभर टक्के कॉफीच घ्यावी. अख्ख्या बिया घेतल्यास हा प्रश्नच उरत नाही.

अरेबिका, रोबस्टा आणि बाजारातील नावे

व्यापारात कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत. अरेबिका थंड, उंच भागात येते. तिचा सुगंध नाजूक, आंबटपणा सुखद असतो. रोबस्टा तुलनेने सखल भागात येते, रोगांना अधिक तोंड देते. तिची चव कडक असते आणि तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. भारतातील उत्पादनात रोबस्टाचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक आहे.

फळातून बी कशी काढली, यावरही चव अवलंबून असते. गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेल्या बियांना 'वॉश्ड' म्हणतात. त्यांची चव स्वच्छ आणि नेमकी असते. संपूर्ण फळ उन्हात वाळवून नंतर बी काढली, तर ती 'नॅचरल'. तिला फळासारखा गोडवा व दाटपणा येतो. थोडा गर बीवर ठेवून वाळवण्याच्या पद्धतीला 'हनी' म्हणतात. तिचा मधाशी काही संबंध नाही.

भारतीय व्यापारातील जुनी नावे याच पद्धतींवरून पडली आहेत. 'प्लँटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका, 'अरेबिका चेरी' म्हणजे फळासह वाळवलेली अरेबिका, 'रोबस्टा पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा. पुढे येणारी 'एए', 'ए', 'बी' ही अक्षरे बीचा आकार सांगतात, तर 'पीबी' म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरलेली 'पीबेरी'. मोठी बी म्हणजे चविष्ट बी, असा मात्र नियम नाही.

ड्रिप यंत्राला प्रथमच बिया घेणाऱ्याने धुतलेल्या अरेबिकापासून सुरुवात करणे उत्तम. एकदा तिची चव ओळखीची झाली, की 'नॅचरल'मधील फरक आपोआप कळू लागतो.

'स्पेशालिटी' म्हणजे काय?

'स्पेशालिटी कॉफी' हा शब्दप्रयोग एर्ना नूटसेन या अमेरिकेतील कॉफी व्यापारी महिलेने १९७४ मध्ये रूढ केला. विशिष्ट प्रदेशातील हवा-मातीमुळे विशिष्ट चव लाभलेली कॉफी, असा त्यामागील अर्थ. पुढे प्रशिक्षित परीक्षकांनी चव घेऊन शंभरपैकी गुण द्यायचे आणि ८० वा अधिक गुणांची कॉफी या वर्गात धरायची, अशी पद्धत व्यापारात रुळली. अलीकडे आंतरराष्ट्रीय संघटनेने मूल्यमापनाची अधिक व्यापक पद्धत आणली असली, तरी पाकिटांवर हा गुणांचा आकडा अजूनही दिसतो.

चिकोरीच्या टक्केवारीसारखे कायद्याचे बंधन मात्र या शब्दाला नाही. कोणीही तो छापू शकतो. त्यामुळे शब्दापेक्षा त्याखालील तपशील पाहावा. मळ्याचे वा प्रदेशाचे नाव, उंची, वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख दिली असेल, तर विक्रेत्याला आपला माल ठाऊक आहे असे समजावे. केवळ 'प्रीमियम', 'राजेशाही', 'जागतिक दर्जा' एवढेच असेल, तर आपण त्या विशेषणांचेच पैसे मोजत असतो.

भारतीय पाकिटांवर मळ्याचे नाव येऊ लागले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. पूर्वी मळेवाल्यांना आपले पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यावे लागे. चांगला-साधारण माल एकत्र होई आणि मळ्याची ओळख पुसली जाई. नव्वदच्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने उठली आणि १९९६ मध्ये सर्व उत्पादकांना खुल्या विक्रीची पूर्ण मुभा मिळाली. त्यानंतरच मळ्याच्या नावावर बिया विकण्याची वाट मोकळी झाली.

प्रदेशागणिक चव

देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. कुर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, अराकू खोऱ्यातील अरेबिका आणि वायनाड रोबस्टा यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीच मानांकन मिळालेली 'मॉन्सून्ड मलबार' ही आणखी वेगळी. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत दमट वाऱ्यावर ठेवलेल्या या बिया फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. कॉफीतील आंबट छटा ज्यांना मुळीच रुचत नाही, त्यांनी ही जरूर घेऊन पाहावी.

यांपैकी अराकूचे उदाहरण नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने लक्षात घेण्याजोगे आहे. आंध्र प्रदेशातील पूर्व घाटात आदिवासी कुटुंबे लहान-लहान तुकड्यांवर, झाडांच्या सावलीत ही कॉफी पिकवतात. सहकारी संस्थेमार्फत प्रक्रिया आणि दर्जा यांवर सातत्याने काम झाले आणि २०१७ मध्ये 'अराकू' याच नावाचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. नाव नसलेल्या मिश्रणात हीच बी मिसळली गेली असती, तर ती कोणत्या डोंगराची, हे कोणालाही कळले नसते.

सातपुड्यातील कॉफी

महाराष्ट्रात कॉफी होते, हे अनेकांना ठाऊक नसते. नंदुरबारच्या उत्तरेला उभा असलेला सातपुडा पूर्वेकडे अमरावती जिल्ह्यात जातो, तेथे मेळघाटात सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे. राज्यातील कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून त्याची ख्याती आहे. मात्र लागवड मर्यादित असल्याने ही कॉफी मोठ्या बाजारात फारशी येत नाही. पर्यटनाला गेल्यावर ती जरूर घ्यावी. पण घेताना बिया तेथीलच आहेत का, चिकोरी आहे का आणि भाजणी केव्हाची, हे तीन प्रश्न विचारावेत.

तोरणमाळची उंचीही जवळपास तेवढीच, मग तेथे कॉफी का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. केवळ उंची पुरेशी नसते. झाडाला फुलोरा येण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी लागतात, फळे धरल्यानंतर ओलावा टिकावा लागतो आणि दाट सावलीची झाडे लागतात. कर्नाटकातील घाटमाथ्यावर हे सारे एकत्र जुळून येते.

भाजणी आणि तारीख

ड्रिप यंत्रासाठी मध्यम भाजणी सर्वांत योग्य. या भाजणीत बी तपकिरी आणि वरून कोरडी दिसते. गडद भाजणीत बी काळपट होते, तिच्यावर तेल सुटते आणि प्रदेशाच्या चवीपेक्षा भाजल्याची चव वरचढ ठरते. फिकट भाजणीत फळांचा आंबटपणा अधिक असतो; साध्या यंत्रातील पाणी पुरेसे तापत नसेल, तर अशी कॉफी कच्ची लागते.

'उत्पादनाची तारीख' आणि 'भाजल्याची तारीख' यांत गल्लत करू नये. पाहायची ती दुसरी. भाजल्यानंतर बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. पाकिटावरची छोटी एकमार्गी झडप त्यासाठीच असते. साधारण एका आठवड्यानंतर बिया उत्तम चव देऊ लागतात आणि पुढील महिनाभर ती टिकते. बेंगळुरूहून पाकीट येथे पोहोचण्यात जाणारे चार-पाच दिवस त्यामुळे वाया जात नाहीत. वर्षभराची मुदत छापलेली असली, तरी तोवर कॉफी केवळ पिण्यास सुरक्षित असते, सुगंधी नव्हे.

चाळिशी ओलांडणाऱ्या येथील उन्हाळ्यात पाकीट खिडकीजवळ वा गॅसच्या ओट्यावर ठेवू नये. फ्रिजमधून वारंवार काढ-घाल केल्यास दमटपणा आणि मसाल्यांचा वास लागतो. हवाबंद डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवणे चांगले. एका वेळी पाव किलोच घ्यावी.

दळण, पाणी आणि प्रमाण

दळल्यानंतर सुगंध फार झपाट्याने उडतो. म्हणून शक्यतो रोज लागेल तेवढेच दळावे. मिक्सरच्या पात्याने काही कण पीठ होतात, काही भरड राहतात. जात्याप्रमाणे दोन चकत्यांमध्ये दळणारे छोटे हातयंत्र अधिक एकसारखे दळते. ड्रिपसाठी चुरा साधारण जाड रव्याएवढा असावा. दळण्याची सोय नसल्यास मागणी नोंदवताना 'ड्रिप' असा पर्याय निवडून थोडीच मागवावी.

एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम कॉफी हे प्रमाण जगभर मान्य आहे. अर्धा लिटरला सुमारे ३० ग्रॅम. पाव किलोचे पाकीट समजा ५०० रुपयांना पडले, तर पंधरा ग्रॅमच्या एका मोठ्या कपाला ३० रुपये खर्च येतो. यंत्रावरील 'कप' लहान असतात, त्यांवर विसंबू नये.

कपातील बहुतांश भाग पाण्याचाच असतो. बोअरच्या जड पाण्याने चव दबते आणि यंत्रात क्षार साचतात. तर सारे क्षार काढून टाकलेल्या पाण्याने कॉफी सपक लागते. मध्यम क्षारांचे, गाळलेले गोडे पाणी वापरावे आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाच्या द्रावणाने यंत्र धुऊन काढावे. तयार कॉफी तापत्या तबकडीवर ठेवली की कडवट होते. ती लगेच थर्मासमध्ये ओतावी.

दूध हवेच असेल तर

आपल्याकडे बिनदुधाची कॉफी सर्वांच्या पचनी पडत नाही आणि त्यात काही वावगे नाही. मात्र ड्रिपची नाजूक, महागडी कॉफी दुधात हरवते. अशा घरांनी थोड्या गडद भाजणीची अरेबिका किंवा धुतलेल्या रोबस्टाचे मिश्रण घ्यावे, पाणी कमी घालून अर्क दाट करावा आणि दूध गरम करून थोडेच मिसळावे. यात पैशांचीही बचत होते.

पाकीट घेताना

- शंभर टक्के कॉफी, चिकोरी नको.
- प्रथमच घेताना धुतलेली अरेबिका, मध्यम भाजणी.
- प्रदेशाचे वा मळ्याचे नाव स्पष्ट असावे.
- भाजल्याची तारीख महिन्याच्या आतली.
- शक्यतो अख्ख्या बिया, पाव किलोहून अधिक नको.
- एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी : आधी प्रदेश, मग भाजणी, मग प्रक्रिया. आवडले ते नाव टिपून ठेवावे.