अर्थकारणातल्या स्त्रिया – भाग ५ : प्रमोशन नको, म्हणून सही

गेल्या आठवड्यात आपण बँकांची भरती पाहिली. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या, भरती लेखी परीक्षेने होऊ लागली आणि साध्या नोकरदार घरांतल्या मुली काउंटरमागे येऊन बसल्या. पेपर तपासणाऱ्याला तो मुलीचा की मुलाचा हे कळत नव्हते, हा त्या परीक्षेचा मोठा फायदा. पण नोकरी मिळाल्यावर पुढे काय, हे आज पाहू. माझ्या मते सरकारी बँकांतला भेदभाव आज सर्वांत जास्त बदलीच्या ऑर्डरमध्ये सापडतो.

क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली बहुधा ठरलेलीच. पुढे स्केल एक ते स्केल सात, म्हणजे असिस्टंट मॅनेजरपासून जनरल मॅनेजरपर्यंत, दर बढतीला नवे गाव वाट्याला येऊ शकते. मधे ग्रामीण शाखेतली वर्षेही भरावी लागतात. नियम सर्वांना एकच. पण पुरुषाची बदली झाली की तो खोली घेतो, डबा लावतो आणि सुट्टीला घरी येतो. मागे घर चालू राहते, कारण ते चालवणारी बायको तिथेच असते. बाईची बदली झाली की मुलाची दहावी, सासूबाईंचा दवाखाना, रोजचा स्वयंपाक हे सगळे एकाच दिवशी उघड्यावर पडते.

मग काय होते? ठाण्यातल्या एखाद्या शाखेत बढतीची यादी लागते. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या, कर्जाच्या फायली तोंडपाठ असलेल्या मॅडमचे नाव त्यात असते. सहकारी पेढे मागतात. पोस्टिंग येते परराज्यातले. घरात दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी मॅडम ‘वैयक्तिक कारणास्तव पदोन्नती स्वीकारता येत नाही’ अशा पत्रावर सही करतात. प्रमोशन ‘फोरगो’ केले, की बहुतेक बँकांत पुढे काही काळ त्या प्रक्रियेत बसताही येत नाही. कागदावर दिसते एवढेच, की बाईंनी स्वतःहून नकार दिला. अन्याय झाल्याची नोंद कुठेच होत नाही, आणि मला हेच सर्वांत जास्त खुपते.

या गेलेल्या वर्षांचा हिशेब वरच्या पदांपाशी चुकता होतो. एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर निवडताना वरिष्ठ पदावरचा अनुभव लागतो आणि निवृत्तीला किती काळ उरला हेही पाहतात. चाळिशीत मागे पडलेली बाई तिथवर वेळेत पोचतच नाही. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये स्टेट बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून लागल्या आणि २०१३ मध्ये बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. लखनौला बदली झाली तेव्हा मुलीला शाळेत प्रवेश मिळेना आणि आपण नोकरी सोडायच्या विचारात होतो, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या टिकल्या. ज्या टिकल्या नाहीत त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पुढे भट्टाचार्य यांच्याच काळात बँकेत मुले किंवा वृद्धांच्या देखभालीसाठी महिलांना दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय आली, ती अशा अनुभवातून आली असणार.

तरीही त्याच बँकेने डिसेंबर २०२१ च्या परिपत्रकात तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवाराला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवून बाळंतपणानंतर चार महिन्यांत रुजू व्हायला सांगितले. आधी डॉक्टरांच्या दाखल्यावर गरोदरपणाच्या सहा महिन्यांपर्यंत रुजू होता येत होते. दिल्ली महिला आयोगाने नोटीस काढली, कर्मचारी संघटना संतापल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये परिपत्रक मागे घेतले गेले. जितके उशिरा रुजू व्हावे, तितके ज्येष्ठतेत मागे. परीक्षेत मिळवलेली बरोबरी नेमणुकीआधीच गेली असती.

उपाय आहेत. विवाहित महिलेला पतीच्या गावी किंवा जवळ पोस्टिंग द्यावे, अशी सूचना केंद्राने २०१४ मध्ये बँकांना केली. पण ती ‘शक्य तेथवर’ आहे, आणि त्या दोन शब्दांत सगळा निर्णय झोनल ऑफिसच्या मर्जीवर जातो. माझे म्हणणे, बढतीनंतरची पहिली दोन वर्षे त्याच विभागात द्या आणि ग्रामीण सेवा कोणत्या वयात पूर्ण करायची हे ज्याचे त्याला ठरवू द्या. पुरुषांनाही. लहान मुलांचे बाप त्यात आपोआप येतील.

पुढच्या आठवड्यात साताऱ्यातल्या म्हसवडला जाऊ. तिथल्या बायकांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज त्या निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. १९९७ मध्ये त्यांची माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.