मिठावर धावलेली घरची मोटारसायकल

उन्हाळ्यात लोणार सरोवराचं पाणी मागे सरलं की काठावर खाराचा पांढरा थर उघडा पडतो. लोणारजवळच्या बीबी गावाकडच्या माणसाला हे सांगायला नको. अमेरिकेतल्या युटा राज्यात असंच पांढरं मैदान मैलोन्‌मैल पसरलंय, बॉनव्हिल. सपाट, मोकळं. वेगाचे कितीतरी विक्रम तिथे झालेत.

न्यूझीलंडचा बर्ट मन्रो 26 ऑगस्ट 1967 रोजी, वयाच्या 68व्या वर्षी, तिथे ताशी सुमारे 296 किलोमीटरने धावला. गाडी 1920ची ‘इंडियन स्काउट’. नवी होती तेव्हा जेमतेम 90ने पळणारी. 600 सीसीचं इंजिन त्याने शेडमध्ये 950पर्यंत वाढवलं. पिस्टन तो स्वतः ओतायचा, कनेक्टिंग रॉड हाताने घासून घडवायचा. फुटलेले पिस्टन फळीवर मांडून ठेवायचा, वेगदेवाचा नैवेद्य म्हणून! मला त्या गाडीपेक्षा ही फळीच जास्त मोठी वाटते.

वेग दुप्पट करायचा तर हवेला चिरायला आठपट ताकद लागते. म्हणून गाडीला माशासारखं कवच. आणि वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून धाव दोन्ही दिशांनी घेतात. सरासरी तोच विक्रम. 1,000 सीसीखालच्या त्या गटात मन्रोचा विक्रम आजही उभा आहे.