जंगलातला मुक्काम : आधी गणित, मग पायवाट

नांदगाव पेठ, अमरावती, अकोला हा आपला मुलूख सपाट, काळ्या मातीचा आहे. पण उत्तरेकडे परतवाडा ओलांडले की सातपुड्याचा चढ लागतो आणि मेळघाटचे सागवानी जंगल सुरू होते. या डोंगराळ भागात एक रात्र राहावे, तेही गाडी थांबते तिथून पुढे पायी जाऊन, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. अशा ठिकाणी दुकान नसते, नळ नसतो, आणि पुष्कळ जागी मोबाइलही चालत नाही. जे लागेल ते पाठीवरून न्यायचे. विसरलेली वस्तू मागून आणता येत नाही. म्हणून अशा सहलीची तयारी वहीवर, आकडेमोडीने करावी लागते. त्यासाठी तुमच्या शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

पहिली गोष्ट : परवानगी

देशात १९७३-७४ मध्ये जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट आहे. वाघ, बिबट्या आणि अस्वल यांचे हे घर आहे. येथे मनाला येईल तिथे पायी हिंडता येत नाही आणि तंबूही ठोकता येत नाही. कोठे राहायचे, कोणत्या वाटेने जायचे आणि चूल कोठे पेटवायची हे वनखात्याला विचारूनच ठरवायचे. सोबत वाट जाणणारा स्थानिक माणूस हवाच. तिथल्या कोरकू गावकऱ्याला कोणता नाला कोणत्या महिन्यात आटतो हे ठाऊक असते. ही माहिती नकाशात सापडत नाही.

वाटेला वेळ किती लागेल?

समजा, वाट १२ किलोमीटरची आहे आणि तीत एकूण ६०० मीटर चढ आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. तो आपल्या मापांत असा : दर ५ किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. म्हणजे १२ किलोमीटरला २ तास २४ मिनिटे आणि चढाचा १ तास, मिळून ३ तास २४ मिनिटे. पण हा हिशेब सराईत माणसाचा झाला. पाठीवर ओझे असलेल्या शाळकरी मुलांच्या गटासाठी दीडपट वेळ धरावा. तो सुमारे ५ तास होतो. त्यात विश्रांतीचा एक तास मिळवला की झाले ६ तास.

आता सूर्याकडे पाहा. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दरीत तर अंधार त्याआधीच पडतो. सकाळी ८ वाजता निघालेला गट दुपारी २ वाजता पोचेल. दुपारी १२ वाजता निघालेल्या गटाला मात्र वाटेतच रात्र गाठेल. जंगलातल्या बऱ्याच अडचणींचे मूळ अशा उशिरा निघण्यात असते.

पाणी : सर्वांत मोठा आकडा

चढताना तहान का लागते ते पाहू. ५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी १० किलोग्रॅम ओझे घेऊन ६०० मीटर चढतो. त्याने केलेले कार्य ६० × ९.८ × ६००, म्हणजे सुमारे ३.५ लाख ज्यूल. पण आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा अशा कार्यात बदलतात. उरलेल्या तीन हिश्श्यांची, म्हणजे सुमारे १०.५ लाख ज्यूलची, उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर घाम आणते. एक किलोग्रॅम घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेतो. म्हणून नुसत्या चढासाठीच ४०० ग्रॅमहून अधिक घाम वाळावा लागतो. जो घाम न वाळता खाली ठिबकतो त्याने शरीर थंड होत नाही, पाणी मात्र जाते. सपाटीवरच्या चालण्याचा घाम आणखी वेगळा.

पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरा. दोन दिवसांचे ८ लिटर, म्हणजे ८ किलोग्रॅम. अंथरूण-पांघरूण, कपडे, शिधा आणि भांड्यांचा वाटा मिळून साडेसात किलोग्रॅम धरले, तर ओझे साडेपंधरा किलोग्रॅमवर जाते. ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, म्हणजे या विद्यार्थ्याचे १० किलोग्रॅमच. तेव्हा वाटेसाठी अडीच लिटर पाणी घेता येते आणि बाकीचे मुक्कामावर मिळालेच पाहिजे. म्हणून वनखात्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : त्या जागी या महिन्यात पाणी आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल तर जागा किंवा महिना बदला. उन्हाळ्यात नाले आटतात आणि उरलेल्या डोहांवर जनावरे येतात. तेव्हा अशा जागी मुक्काम नकोच.

नाल्याचे पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळून प्यावे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. रोगजंतू मरायला तेवढे तापमान पुरते, पण तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो. डाळ आधी भिजत घालावी, म्हणजे इंधन वाचते.

रात्रीची थंडी

अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे. वर जाताना तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे चिखलदऱ्याच्या उंचीवर आपल्याकडच्यापेक्षा सुमारे ५ अंश कमी धरावेत.

पण दरीत आणखी एक गंमत घडते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता प्रारणाने गमावते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि उतारावरून पाण्यासारखी ओघळून खोलगट जागेत साचते. म्हणून नाल्याच्या तळाशी थंडी आणि दव दोन्ही अधिक असतात. शिवाय पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही तीच. दाखवलेल्या जागेतही निजायला नाल्यापासून दूर, थोडी उंच बाजू निवडावी.

अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूणही महत्त्वाचे असते. गार जमीन वहनाने शरीराची उष्णता ओढून घेते. घोंगडीची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेमुळे असते, आणि अंगाच्या भाराने ती हवा दबून जाते. म्हणून खाली आधी जाड चटई आणि तीवर घोंगडी असावी.

चिठ्ठी ठेवा

निघण्यापूर्वी वाट, मुक्कामाची जागा, सर्वांची नावे आणि परतण्याची वेळ एका कागदावर लिहून घरी व शाळेत द्या. ‘अमुक वेळेपर्यंत आलो नाही तर वनखात्याला कळवा’ असेही लिहा. जंगलात कोणाचा पाय मुरगळला, तर शोधणाऱ्यांना कोठून सुरुवात करायची ते या कागदावरून कळेल.

करून पाहा

आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके दप्तर भरा. शाळेच्या मैदानावर एक किलोमीटर आधी मोकळे आणि मग दप्तर घेऊन चाला. दोन्ही वेळा लागलेला वेळ आणि शेवटी नाडीचे मिनिटाला पडणारे ठोके मांडा. मग वरची १२ किलोमीटरची वाट तुमच्या गटाला किती तासांची पडेल ते काढा. गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा आकडा धरा, कारण सगळा गट त्याच्याच चालीने चालणार आहे.