पाकोळीच्या पाठीवरचा पतंग

उसाच्या फडात शिरा आणि एखादं पान उलटून पाहा. गवती रंगाच्या, लांब निमुळत्या डोक्याच्या पाकोळ्या, म्हणजेच पायरिला, तिथे रस शोषत बसलेल्या असतात. त्यातल्या एखादीच्या पाठीवर, पंखांच्या आडोशाला, कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी पांढरं दिसतं. बुरशी वाटते, पण ती असते पतंगाची अळी! अंगावरचं पांढरं मेण तिचं स्वतःचंच.

पतंग-फुलपाखरांच्या दीड लाखाहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांच्या अळ्या जवळजवळ सगळ्याच शाकाहारी. 'एपिपायरोपिडी' हे चिमुकलं कुळ मात्र भलतंच निघालं. यातल्या अळ्या तुडतुड्यांच्या नात्यातल्या कीटकांना बाहेरून चिकटून जगतात. हाँगकाँगच्या अशाच एका पतंगाची ओळख ऑक्सफर्डच्या जॉन वेस्टवूड यांनी १८७६ मध्ये शास्त्रजगताला करून दिली.

उसावरची आपली जात एपिरिकॅनिया मेलानोल्युका. अंड्यातून निघालेली अळी सडपातळ नि चपळ असते; तिला पाकोळी गाठायची असते. एकदा पाठीवर बस्तान बसलं की कात टाकून ती रूपच पालटते. जाड, मंद होते आणि पाकोळीच्या शरीरातला द्रव शोषत राहते. पाकोळी लगेच मरत नाही. उडते, बसते, अळीला सोबत वागवते आणि खंगत जाते. वाढ पुरी झाली की अळी उतरून पानावर पांढरा कोष विणते. त्यातून निघणाऱ्या काळपट पतंगाच्या मिशांना दोन्ही बाजूंनी फणीसारखे दाते असतात, पण कामाची सोंड नसते. तो काही खातच नाही. मादी शेकडो अंडी घालते, तीही पाकोळीकडून लुटलेल्या शिदोरीवर.

पायरिलाच्या चिकट स्रावावर काळी बुरशी माजते, उसातली साखर घटते. म्हणून या पतंगाचे हेक्टरी ४ ते ५ हजार कोष किंवा ४ ते ५ लाख अंडी सोडण्याची शिफारस आहे. कोष असलेली पानं कापून दुसऱ्या फडातल्या उसाला टाचली, की काम झालं. कीटकनाशक फवारलं तर मात्र पाकोळीबरोबर हा पतंगही जातो.

पानं कापताना एक खबरदारी घ्यावी. पायरिलाही आपली अंडी पांढऱ्या तंतूंखाली झाकते. बोटाने पुसून खाली हिरवट-पिवळी अंडी दिसली, तर ते पान दुसऱ्या फडात नेऊ नये.