आयुष्याची मोजपट्टी (९) : एक ब्लॉक म्हणजे किती?

ईक्यू-५डी या जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावलीचे पाच प्रश्न आणि त्यांतून निघणारा, प्रसंगी शून्याच्याही खाली जाणारा तो एकच आकडा, यांची उकल आज करायची असं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो. चिपळूणच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका शब्दाने मला दुसरं काही सुचू दिलं नाही.

ताईंचा मुलगा बारा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, त्याचं ऑपरेशन झालं आहे. अभ्यासासाठी माहिती गोळा करणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना पीड्सक्यूएल या मुलांचं जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावलीचा फॉर्म भरायला दिला. तो कुणीतरी स्वतःच इंग्रजीवरून मराठीत उतरवलेला दिसतो. पहिलाच प्रश्न, एका ब्लॉकपेक्षा जास्त चालणं मुलाला कठीण जातं का. ताई लिहितात, "ब्लॉक म्हणजे आमचा राहता ब्लॉक का? तो दोन खोल्यांचा, त्यात चालायचं ते काय! का हृदयातला ब्लॉक? तो त्याला नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. मी 'कधीच नाही'वर खूण केली. बरोबर केलं ना, सर?"

मी हे पत्र चार वेळा वाचलं. मराठी माणसाच्या तोंडी ब्लॉक म्हणजे फ्लॅट. सरकारी कचेरीत ब्लॉक म्हणजे तालुका. अंगणात बसवतात ते पेव्हर ब्लॉक. आणि ज्या घराने लेकराच्या टू-डी इकोच्या तारखा पाळत वर्षं काढली, त्या घरात ब्लॉक हा शब्द ऐकला की छातीत धस्स होतं. मूळ प्रश्नातला ब्लॉक यांपैकी एकही नाही. अमेरिकी शहरात दोन आडव्या रस्त्यांच्या मधलं अंतर म्हणजे ब्लॉक. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण चालताना साधारण २० ब्लॉकचा एक मैल होतो, म्हणजे एक ब्लॉक ८० मीटरच्या आसपास. तेही फरसबंद, बहुतेक सपाट रस्त्यावरून.

एका शब्दाने एवढं काय बिघडतं? हिशेब करून पाहू. जेम्स वार्नी यांच्या या प्रश्नावलीत २३ प्रश्न आहेत, शरीराचे ८ आणि भावना, मित्रमंडळी, शाळा यांचे ५-५. उत्तरं 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमीच'पर्यंत पाच पायऱ्यांची. त्यांचे गुण १०० ते ० असे बसवतात आणि सरासरी काढतात. ब्लॉकच्या प्रश्नावर ताईंची खूण पहिल्या टोकाऐवजी शेवटच्या टोकाला पडली असती, तर शारीरिक भागाची सरासरी साडेबारा गुणांनी आणि एकूण सरासरी चार गुणांहून अधिक घसरली असती. मुलाचे पाय तेच, फुप्फुसं तीच. बदलला असता तो आईने शब्दाचा लावलेला अर्थ.

डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक आहे. २०११ साली नेदरलँड्समधल्या आठ वर्षांच्या ३३७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धावणं-चालणं, स्वतःचं स्वतः करणं, इतरांत मिसळणं आणि आकलन या चार बाबींत या मुलांचे गुण इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी आले. शारीरिक तक्रारी आणि आनंद-दुःखाच्या भावना यांत मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे चालण्याच्या प्रश्नांवरही या मुलांचा आकडा खाली येतो. स्नायू सैल, सांधे ढिले, कुणाचं हृदय अशक्त, हे सगळं खरंच आहे. पण आकडा खाली आला तो पायांमुळे की प्रश्नामुळे, हे सांगता आलं नाही, तर त्या आकड्यावर कुणाची फिजिओथेरपी ठरवायची?

म्हणून हा प्रश्न मी आमच्या पोफळीत नेला. पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्या पोटात कोयनेचं वीजघर. वसाहतीतला रस्ता सोडला आणि वाडीकडे वळलं की सपाट ८० मीटर सापडत नाहीत. पाखाडी चढायची, साकव ओलांडायचा, पुन्हा चढायचं. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

वाडीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या आईला मी विचारलं, घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायला त्याला कठीण जातं का? त्या म्हणाल्या, "बऱ्याचदा जातं, सर." मग मुलाला बाजूला घेऊन विचारलं.

"थांब्यावरून पाव कोण आणतं?"

"मी."

"चढताना काय होतं?"

तो गप्प राहिला. मी थांबलो. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दम लागतो. साकवावर बसतो. मग जातो."

"कठीण आहे?"

"नाय. बसतो ना."

मी परत आईकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सर, तो पाखाडी उतरायला लागला की परत येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. दोनदा घसरलाय."

दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही. मुलाने आपलं चालणं सांगितलं, आईने आपली काळजी सांगितली. फॉर्मवर दोन्ही उत्तरांना चौकट मात्र एकच. यासाठीच पीड्सक्यूएलमध्ये मुलाचा आणि पालकांचा फॉर्म वेगळा असतो. आपल्याकडे वेळ वाचवायला बहुतेकदा पालकांचाच भरून घेतात आणि अहवालात लिहितात, 'मुलाचे जीवनमान'. ते मुलाचं जीवनमान नसतं. आईच्या डोळ्यांतून दिसलेलं मूल असतं. त्यालाही मोल आहे, पण नाव खरं द्यायला हवं.

मुलाला विचारण्यात अडचणी आहेत, हे मी पंचवीस वर्षं डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना शिकवताना रोज पाहतो. "दुखतं का?" म्हटलं की "हो". "दुखत नाही ना?" म्हटलं तरी "हो". समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेला तो होकार असतो. आणि दुखण्याचं उत्तर उशिरा येतं. फ्रान्समधल्या हेनकें आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की डाऊन सिंड्रोम असलेल्यांना बर्फाचा स्पर्श टोचतो, पण तो टोचल्याचं ते उशिरा सांगतात आणि नेमका कुठे टोचला ते दाखवणं त्यांना जड जातं. 'याला दुखतच नाही' हा समज त्यातूनच पसरला असावा. म्हणून हो-नाहीत उत्तर येईल असं विचारू नका. "चढताना काय होतं?" असं विचारा आणि थांबा. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या फॉर्ममध्ये तीन चेहरे असतात, हसरा, मधला आणि रडका. बोलण्यात मागे असलेल्या मोठ्या मुलांशीही मी त्याच चेहऱ्यांवरून बोलतो. फक्त तो आकडा मोठ्यांच्या फॉर्मच्या आकड्याशेजारी मांडत नाही.

आता भाषांतराकडे येतो. त्याची नीट पद्धत ठरलेली आहे. दोघांनी एकमेकांना न विचारता भाषांतर करायचं, दोन्हींतून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलट इंग्रजीत न्यायचा आणि फरक कुठे पडला ते पाहायचं. शेवटी काही पालकांना आणि मुलांना समोर बसवून विचारायचं, या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं? सगळ्यात जास्त गाळली जाते ती हीच शेवटची पायरी, आणि ताईंचा ब्लॉक सापडला असता तोही इथेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात डब्ल्यूएचओक्यूओएल ही जीवनमानाची प्रश्नावली घडवताना तर ती एका भाषेत तयार करून मग दुसरीकडे नेण्याची वाटच सोडली. जगातल्या १५ केंद्रांवर एकाच वेळी लोकांशी बोलून त्यांनी प्रश्न उभे केले. त्यांत दिल्ली आणि मद्रास ही आपली दोन केंद्रं होती.

आणि हे शहाणपण आपल्याला परकं नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेची बुद्धिचाचणी बसवली, तेव्हा ती नुसती भाषांतर करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांवर ती घेऊन पाहिली आणि कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो ते नव्याने ठरवलं. ती बिने-कामत चाचणी आजही अपंगत्वाच्या दाखल्यापूर्वी आपल्या मुलांकडून करून घेतात. मुलाला काय येतं हे मोजायला नव्वद वर्षांपूर्वी एवढे कष्ट घेतले गेले. मग त्याचं कसं चाललंय हे मोजताना एक ब्लॉक तसाच ठेवून कसं चालेल?

तर ताई, तुम्ही चुकला नाहीत. तो प्रश्न तुमच्या दारापर्यंत पोचलाच नव्हता. फॉर्म परत मागून घ्या आणि त्या प्रश्नासमोर 'अर्थ कळला नाही' असं लिहा. एखादा प्रश्न रिकामा राहिला तरी उरलेल्यांवरून सरासरी काढता येते. चुकीच्या समजुतीने भरलेल्या चौकटीपेक्षा रिकामी चौकट संशोधनाच्या जास्त कामाची.

बाकी वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, वाडीत, शाळेत असं मूल असेल, तर या रविवारी त्याच्याबरोबर त्याच्या रोजच्या वाटेने चाला. कुठे थांबतं, कुठे बसतं, कशाला हात लावतं ते पाहा आणि त्यालाच विचारा, इथे काय होतं? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर तुम्ही बोलू नका.