दोन संप आणि मधली पंचेचाळीस वर्षं

१४ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, ते ५४ दिवस कामावर फिरकले नाहीत. आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं, मुख्यमंत्रिपदी वसंतदादा पाटील होते आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपाची मुख्य मागणी एका दमात सांगता येण्यासारखी होती: केंद्राच्या कर्मचाऱ्याला ज्या दराने महागाई भत्ता मिळतो, त्याच दराने आम्हालाही द्या. तूरडाळ दिल्लीच्या कारकुनाला एका भावाने आणि साताऱ्याच्या कारकुनाला दुसऱ्या भावाने मिळत नाही, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. पुढे राज्याने ते तत्त्व मान्य केलं. तेव्हापासून दिल्लीत भत्ता वाढला की मुंबईतला शासन निर्णय कधी निघतो, याकडे राज्यभर डोळे लागलेले असतात.

१४ मार्च २०२३ रोजी पुन्हा राज्यव्यापी संप झाला. या वेळची घोषणा होती ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. संघटनांच्या सांगण्यानुसार शिक्षक धरून १७-१८ लाख लोक त्यात उतरले होते. सात दिवसांत तो मिटला. पहिल्या संपातला माणूस चालू महिन्याच्या पगारासाठी भांडत होता, दुसऱ्या संपातला निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी. फरक एवढाच असता तर त्याचा हिशेब वेतन आयोगांच्या अहवालांत सापडला असता. मला त्याहून मोठा वाटणारा फरक संपात नसलेल्यांचा आहे. २०२३ साली गावागावांत सरकारचं काम करणाऱ्या कितीतरी बाया-माणसांना हा संप आपला वाटण्याचं कारणच नव्हतं. ज्या पेन्शनसाठी भांडण चाललं होतं, तिच्या रांगेत त्यांना कुणी कधी उभंच केलं नव्हतं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सरकारचं काम वाढत गेलं, त्यामागची पदं मात्र विरत गेली.

हे कसं झालं ते पाहायचं तर आधी कचेरीतल्या आस्थापना शाखेत डोकवावं लागतं. सेवापुस्तकं, ज्येष्ठता याद्या, बिंदूनामावली, गोपनीय अहवाल, विभागीय चौकश्या आणि बदल्या, एवढा या शाखेचा संसार. माणूस नोकरीला लागल्यापासून निवृत्तीचे कागद कोषागारात जाईपर्यंत त्याची नोंद इथे चोख राहते. पण पुढच्या पाच वर्षांत किती जण निवृत्त होणार, त्यांच्या हातचं काम कुणाला येतं, नव्याला ते कोण शिकवणार, हे प्रश्न या शाखेच्या दप्तरात नाहीत. सरकारने माणसांचा हिशेब ठेवला, माणसं घडवण्याचं खातं उघडलं नाही. त्यातल्या त्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे बदली. तिचा इतका वापर आणि गैरवापर झाला, की अखेर २००५ मध्ये बदल्यांचं नियमन आणि कामातल्या दिरंगाईला प्रतिबंध यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. एका पदावर साधारण तीन वर्षं आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, असं त्यात लिहिलं गेलं. अपवादाची वाटही ठेवली गेली आणि ती बऱ्यापैकी मळली.

अधूनमधून कुणी अधिकारी वेगळं काही करून दाखवतो. ऐंशीच्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची, टेबलांची आणि कामाच्या वाटपाची नव्याने मांडणी केली. ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम राबवली. तिचाही बोलबाला झाला. आपल्याकडे प्रशासनातली सुधारणा अशी एखाद्या अधिकाऱ्याबरोबर येते आणि बरेचदा त्याच्याच बदलीच्या आदेशाबरोबर निघून जाते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाचव्या वेतन आयोगाचा भार तिजोरीवर आला, राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका निघाली आणि काटकसर हा शब्द प्रत्येक परिपत्रकात दिसू लागला. भरती थांबवणं हा त्यातला सगळ्यांत सोपा उपाय. त्यासाठी कुणाला काढावं लागत नाही, कुणी मोर्चा काढत नाही. निवृत्त होणाऱ्याची खुर्ची रिकामी ठेवली की झालं. २००० साली शिक्षणसेवक आले. पहिली तीन वर्षं मानधनावर, प्राथमिक शाळेत महिना ३ हजार रुपये. पाठोपाठ कृषीसेवक आणि कंत्राटी ग्रामसेवक आले. वर्ग तोच, गाव तेच, जबाबदारीही तीच. फक्त वेतनाच्या जागी मानधन. शिक्षणसेवकाचं हे मानधन पुढे ६ हजार झालं आणि प्राथमिकसाठी १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं.

मग १ नोव्हेंबर २००५. या तारखेपासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि परिभाषित अंशदान योजना आली. केंद्राने आपल्या नोकरांसाठी हे १ जानेवारी २००४ पासूनच केलं होतं. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, मागे कुटुंबाला निवृत्तिवेतन. नव्या पद्धतीत पगारातून १० टक्के कपात, सरकारचा हिस्सा आणि बाजार देईल ते. राज्याच्या बाजूनेही युक्तिवाद होता, आणि तो लंगडा नव्हता. माणसं जास्त जगू लागली होती, पेन्शनचा खर्च फुगत होता आणि त्याची तरतूद कुणीच बाजूला ठेवली नव्हती. पण अंमलबजावणी अशी झाली, की त्या युक्तिवादावरचा विश्वासच उडावा. विशेषतः जिल्हा परिषदांच्या शिक्षकांपैकी अनेकांना आपल्या कपातीचा हिशेब वर्षानुवर्षं मिळाला नाही. पैसे तर दर महिन्याला कापले जात होते. नोकरीत असताना कुणी दगावला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय राज्याने केली ती २०२३ मध्ये. अठरा वर्षं एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर, एकाच कामासाठी दोन प्रकारची माणसं बसत होती. एकाचं म्हातारपण सरकारच्या हमीवर, दुसऱ्याचं बाजाराच्या. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर यांच्यातली ती एक रात्र कामाच्या जागेवरचा एकोपा कसा पोखरत गेली असेल, याची कल्पना तिजोरीचा ताळेबंद मांडणाऱ्यांना आली नसावी.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन परत आणणं शक्य नसल्याचं सांगून १ लाख १० हजार कोटींच्या बोजाचा आकडा दिला. दीड महिन्यात नागपूरच्या शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले आमदार पडले आणि आकड्यांची भाषा मवाळ झाली. मार्चमधल्या संपानंतर तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण जे नंतर रुजू झाले, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती उचलली. विधानसभेची निवडणूक तेव्हाही तोंडावर होती.

पण मार्च २०२३ चं एक दृश्य मात्र १९७७ पेक्षा अगदी निराळं होतं. कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी संपाच्या विरोधात मोर्चा काढला. यांना एवढा पगार नको असेल तर आम्ही निम्म्या पगारात काम करतो, असा त्यांचा सूर होता. संघटनांना तो झोंबला. त्या तरुणांवर मात्र राग धरता येत नाही. राज्यात सव्वासात लाखांच्या आसपास मंजूर पदं आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश रिकामी, हे ते अनेक वर्षं ऐकत आले होते. भरती परीक्षांसाठीच्या २०१७ च्या महापरीक्षा पोर्टलविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, ते पोर्टल २०२० मध्ये बंद झालं. त्याच वर्षी ४ मे रोजी कोविडमुळे आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती थांबवण्याचा आदेश निघाला. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, पाठोपाठ शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघड झाला. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाचं शुल्क एक हजार रुपये होतं. निकालात गुणांच्या सामान्यीकरणानंतर एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण पडले. नियमांत ते बसत होतं, हे सरकारने समजावून सांगितलं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये ते कुणाला पटलं असेल असं वाटत नाही. पोलीस भरतीत २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज होते.

भरती थांबण्याचा खरा फटका मात्र रिकाम्या खुर्च्यांच्या आकड्यात दिसत नाही. १९८५ च्या सुमारास पंचविशीत लागलेला तलाठी २०१८ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी गेला. त्याने काम शिकलं होतं ते आधीच्या तलाठ्याच्या आणि मंडळ अधिकाऱ्याच्या हाताखाली. कुठल्या गटाचा फेरफार कुठे अडलाय, कुठल्या बांधावरून दोन भावकी कोर्टात आहेत, पूर आला की वस्तीवर आधी कुणाला हाक मारायची. त्याच्या खालच्या वयाची माणसं भरलीच नव्हती, त्यामुळे हे कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न त्याने सोडवला नाही, कारण तो त्याला कुणी विचारलाच नाही. त्याचा सजा शेजारच्या तलाठ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून गेला. राज्यात अशा ‘प्रभारी’ कारभारावर कितीतरी कचेऱ्या चालतात. दोन-तीन सजांची गावं सांभाळणारा माणूस आज कुठे भेटेल, हे गावकऱ्यांना त्याला फोन लागला तरच कळतं.

आणि नेमक्या याच काळात काम कागदावरून संगणकावर गेलं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. अडीच कोटींच्या घरातले उतारे संगणकावर चढवून तपासण्याचं काम तलाठ्यांनी केलं. त्यात रात्री जागवल्या गेल्या, कारण दिवसा सर्व्हर चालत नसे. शेतकऱ्याचा हेलपाटा वाचला हे खरंच मोठं काम झालं, त्याबद्दल दुमत नको. पण त्यातली मेहनत पदांच्या कुठल्या आकृतिबंधात मोजली गेली नाही. या माणसांनी सरकारशी भांडताना उगारलेलं हत्यारही बदललं. २०२१ मध्ये तलाठ्यांनी आपल्या डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगल तहसीलदारांकडे जमा केल्या. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोनची क्षमता तोकडी, तो तापे, बंद पडे, आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत. पोरांची वजनं घेणाऱ्या बाईने इंग्रजी पडद्याशी झटापट करायची, दुरुस्तीचा खर्चही अनेकदा तिच्याच माथी.

अंगणवाडीची योजना १९७५ ची. म्हणजे ५४ दिवसांच्या संपाहूनही जुनी. तरी सेविका आजही कागदोपत्री मानसेवी. ‘आशा’ तर नावातच स्वयंसेविका. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निवाडा दिला. तो लागू करा म्हणून महाराष्ट्रातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासेक दिवस संपावर राहिल्या. जवळपास कर्णिकांच्या संपाइतकाच लांब, आणि मागण्याही ओळखीच्या: वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, पेन्शन. वर्तमानपत्रांत त्याला मार्चच्या संपाच्या मानाने जागा किती मिळाली, ते जाऊ द्या.

सेविकांच्या संपाच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या दिवसांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदीइतकाच रिक्त पदांचा प्रश्न तिथे पुढे आला. वॉर्डातल्या चौथ्या श्रेणीच्या माणसाची जागा भरली नाही तर मंत्रालयातल्या तक्त्यात एक रकाना मोकळा राहतो. रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत न्यायला मात्र कुणीतरी लागतंच.

नांदेडच्या घटनेच्या महिनाभर आधी, ६ सप्टेंबरला, नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्य यंत्रणेकडून मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला होता. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी त्यात वर्गवारी होती. आरक्षणाचं काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी लगेच विचारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. २० ऑक्टोबरला फडणवीस यांनी निर्णय रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि कंत्राटी भरतीची सुरुवात आधीच्या सरकारांनी केल्याचे दाखले दिले. दाखले खरेच होते. कंत्राटी माणूस कुठल्याही एका पक्षाचा शोध नाही, शिक्षणसेवकापासूनची वाट पाहिली तर त्यावर सगळ्यांच्या पावलांचे ठसे आहेत. निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटावरचे चालक, सफाई कामगार आणि डेटा एंट्री करणारे कायम झाले, असंही नाही.

जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना’ आली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत सहा महिने. अनेक तरुण सरकारी कचेऱ्या, शाळा आणि ग्रामपंचायतींत रुजू झाले. जिथे पद रिकामं होतं तिथे त्यांनी ते काम उचललं: दाखले टंकले, याद्या केल्या, वर्ग सांभाळले. मुदत संपत आली तेव्हा आणखी पाच महिने वाढवून मिळाले. त्यानंतर, काम जेमतेम हातात बसलं असताना, त्यांना प्रमाणपत्र देऊन घरी पाठवण्यात आलं. २०२५ मध्ये हे प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले, कायम करा ही त्यांची मागणी होती. सरकारचं उत्तर होतं की ही नोकरी नव्हतीच, हे प्रशिक्षण होतं. ज्या टेबलांवर ते बसत होते, तिथल्या पदांच्या भरतीच्या जाहिरातीची वाट त्यांच्यातले कित्येक जण आता अभ्यासिकेत बसून पाहत आहेत.