निजलेल्या घराचा पहारा

उदगीरच्या जुन्या बाजारपेठेत घरांची जी ठेवण आढळते, ती मराठवाड्यातील बहुतेक व्यापारी गावांची आहे: तळमजल्यावर दुकान अथवा गोदाम, वर माडीवर बिऱ्हाड, आणि दोहोंना जोडणारा एकच अरुंद जिना. व्यवहाराला ही रचना सोयीची, रखवालीलाही सोयीची. परंतु रात्री खाली आग लागली तर वर निजलेल्या माणसांची काय गत होते, हे ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात दिसले. दाणाबाजारातील एका कपड्याच्या दुकानास पहाटे चारच्या सुमारास आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण, त्यांत दोन बालके, मृत्युमुखी पडले. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. मृत्यू गुदमरून आला असावा, असा पोलिसांचा प्राथमिक निष्कर्ष होता.

आगीत माणूस जळून मरतो, ही आपली समजूत बरीचशी अपुरी आहे. कापड, फोम, प्लास्टिक जळताना जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो, आणि तो ज्वाळेच्या कितीतरी आधी पोचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला बिलगते, आणि श्वास चालू असतानाच शरीर प्राणवायूला पारखे होते. त्यातही झोपेत घ्राणेंद्रियावर विसंबता येत नाही. कान मात्र मोठ्या आवाजाला जागा होतो, आणि गजर देणाऱ्या यंत्राची सारी उपयुक्तता या एका शारीरिक सत्यावर उभी आहे.

हा वायू निर्माण होण्यास वणवा पेटावा लागत नाही. कोंडलेल्या हवेत कोणतेही इंधन अर्धवट जळाले की पुरे. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल आहे, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून त्याच खोलीची दारे-खिडक्या ममतेने लावून घेतल्या जातात. ती ममता खरी आहे, म्हणूनच तिच्यातील धोका कळकळीने सांगावासा वाटतो: धूर दिसत नाही एवढ्यावरून निखारा निरुपद्रवी ठरत नाही. झरोका नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझर आणि वीज गेल्यावर घरातच चालवलेला जनरेटर हेही याच जातीचे. घरातील साऱ्यांचेच एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर पडताच बरे वाटले, तर पित्ताला दोष देण्यापूर्वी चुलीकडे व गिझरकडे पाहावे.

गजर देणारी यंत्रे तीन प्रकारची असतात आणि एकाचे काम दुसरे करीत नाही. धुराचे यंत्र बहुधा आतील प्रकाशकिरण धुराच्या कणांनी विखुरला की वाजते. ते छताला, झोपण्याच्या खोलीबाहेर असावे, स्वयंपाकघरात नव्हे, कारण फोडणीच्या धुराने रोज ओरडणारे यंत्र लोक कंटाळून बंद करतात. सिलिंडरची गळती ओळखणारे यंत्र जमिनीलगत हवे, कारण तो वायू हवेहून जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र प्रमाणाबरोबर काळही मोजते: युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर ते तास-दीड तासाने वाजते, ३०० भाग असतील तर ३ मिनिटांच्या आत. त्याचा संवेदक कालांतराने निकामी होतो, म्हणून यंत्रावर छापलेली मुदत संपताच ते बदलावे, आणि दरमहा कळ दाबून आवाज पारखावा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अमलात आहे, पण त्याचा रोख मुख्यतः उंच व सार्वजनिक वापराच्या इमारतींकडे आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचे यंत्र बसवणे घरमालकास सक्तीचे झाले. आपल्या दुमजली घरांची तजवीज मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे, आणि हे मला मोठे उणे वाटते.

दुकानावरील बिऱ्हाडाने तर एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. यंत्र केवळ माडीवर लावले तर ते वाजेपर्यंत जिना धुराने भरून गेलेला असेल. म्हणून एक यंत्र खाली दुकानात हवे आणि ते वरच्या यंत्राशी असे जोडलेले हवे की खाली धूर होताच वर गजर व्हावा. आणि जाग आल्यावर जिन्याखेरीज दुसरी वाट हवी, जी बहुतेक घरांत गच्चीवरून शेजाऱ्याकडे जाणारी असते. गच्चीच्या दाराला रात्री कुलूप घालायचेच असेल तर किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर असावी, आणि ती अंधारात चाचपून काढणे घरातल्या शाळकरी मुलालाही जमले पाहिजे.